सीलबंद सहल

सीलसाहेब निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण त्यांच्या हातांना ते अजून कोणी कळवलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी गोदामांना सील ठोकलं. कुलूप लावायचं, तीनदा ओढायचं, सुतळीची गाठ मारायची, गाठीवर लाख वितळवून सोडायची, ती गरम आहे तोवर पितळी शिक्का दाबायचा आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. एवढी वर्षं हेच केल्यावर हात काय ऐकतात! घरी बसल्यावरही ते दिसेल ते तीनदा ओढून बघत. फ्रिजचं दार, शर्टाचं बटण. एका लग्नात तर त्यांनी व्याह्यांचा हात हातात घेऊन तीनदा ओढला, आणि निघत नाही याची खात्री झाल्यावरच सोडला. व्याही अजून तो खांदा जपून वापरतात.

अशा माणसाला त्याच्या बायकोने एका संध्याकाळी सांगितलं, "डोंगरातल्या सहलीला मी आक्काबरोबर जाणार आहे. तुमच्याबरोबर नाही."

बारा दिवसांची ही सहल दोघांनी कधीपासून ठरवून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर जायचं म्हणून. सीलसाहेबांनी कपबशी खाली ठेवली.

"का? मी काय केलं?"

"काहीच नाही. तेच तर." बायको शाळेत शिवणकाम शिकवत असे. बोलणंही तिचं माप घेऊन, कापून, उगाच चिंधी न उरवता. "तुम्ही प्रवासात माझ्याबरोबर असता कधी? बसमध्ये बसलात की घरच्या कुलपापाशी असता. मुक्कामी पोचलात की परतीच्या बसमध्ये जाऊन बसता. धबधब्यापाशी मी म्हटलं, 'बघा तरी किती सुंदर!' तर तुम्ही म्हणालात, 'चार नंबरच्या गोदामाची मागची खिडकी राहिली वाटतं.' फोटोत तुम्ही आहात हो. सहलीला नव्हतात."

यावर त्यांना एक बाणेदार उत्तर सुचलं, पण ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "एक संधी दे. एक दिवसाची. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर नसलो तर खुशाल आक्काबरोबर जा."

बायकोने विचार केला. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. स्वभावाने जरा कडक. बसमध्ये खिडकी उघडी की बंद हे पूर्ण बसच्या वतीने ठरवणारी. तिच्याबरोबर बारा दिवस म्हणजे काही गंमत नव्हती. पण आक्का निदान जिथे असते तिथे असते तरी.

"आक्काला मला सोमवारी सांगायचंय," ती म्हणाली. "रविवारी तळ्यावर जाऊ. मी तुम्हाला विचारणार, 'कुठे आहात?' दोनदा माफ. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही दुसरीकडे असलात, तर आक्का."

"मंजूर," सीलसाहेब म्हणाले, आणि सवयीने सही करायला पेन शोधू लागले.

आता माणूस एकदा जिद्दीला पेटला की काय काय करतो पाहा. दुसरा कोणी असता तर रविवारी सकाळी उठून गेला असता. सीलसाहेबांनी तयारी सुरू केली. क्षणाचा आनंद घ्यायचा म्हणजे मन मोकळं हवं. मन मोकळं हवं तर घराची काळजी नको. आणि घराची काळजी नको तर घर सील व्हायला हवं. यात चूक कुठे आहे ते मलाही आजवर सापडलेलं नाही.

सल्ला द्यायला बिल्डिंग होतीच. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातली एक पुस्तिका आणून दिली. मन वर्तमानात कसं ठेवावं, यावर होती. "संत्र्याची एक फोड घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि बत्तीस वेळा चावा. मन दुसरीकडे जातच नाही. शिवाय हिरड्यांनाही चांगलं." वरच्या मजल्यावरच्या शिकवणीबाईंनी सांगितलं, "आवडत्या माणसाकडे टक लावून बघायचं. पापणी हलवायची नाही." बाईंची मुलं परीक्षेत पापणी न हलवता नापास होत, पण तो विषय निराळा. आणि बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण तुमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. खालच्यांची तक्रार आहे. जाताना व्हॉल्व्ह बंद करून जा."

हे सेक्रेटरी बोलले नसते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रविवारी सकाळी बायको संत्र्यांची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन खाली उतरली. "मी कोपऱ्यावर उभी आहे. सातला बस. काय ओढायचं, ताणायचं ते वरच उरका. रस्त्यावर पाय ठेवलात की कुलूप हा शब्द काढायचा नाही."

सीलसाहेबांनी वेळ दवडली नाही. घड्याळ आणि दोघांचे मोबाइल एका पाकिटात घालून सील केले, पाकीट कपाटात ठेवून कपाट सील केलं, आणि दाराला कुलूप घालून कुलपावर लाख ओतली. मग जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर व्हॉल्व्हची रांग होती. प्रत्येकावर पूर्वी कधीतरी नाव लिहिलेलं होतं. मागच्या रंगकामात रंगाऱ्याने भिंतीबरोबर नावंही रंगवून टाकली होती. सीलसाहेबांनी क्षणभर अंदाज घेतला, सर्वांत कोपऱ्यातलं चाक गच्च फिरवलं, तीनदा ओढलं आणि कोणी चुकून उघडू नये म्हणून चाकच काढून पिशवीत टाकलं. उघड्या पडलेल्या दांड्यावर सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर शिक्का.

पंच म्हणून त्यांनी दातांच्या डॉक्टरांना दात घासता घासता ओढून आणलं आणि शिकवणीबाईंना केसांना शाम्पू लावलेला असताना. डॉक्टरांच्या तोंडात फेस, बाईंच्या डोक्यावर फेस. दोघांनी घाईघाईत सह्या केल्या. 'वरील व्हॉल्व्ह आमच्या समक्ष बंद करून सील करण्यात आला. सील तुटल्यास पंच जबाबदार राहतील.' पंचनाम्याची एक प्रत त्यांनी खाली लावली, एक दारावर. आणि नियमाप्रमाणे त्याखाली सील करणाऱ्याचा ठावठिकाणा: 'सकाळी सातची बस. दहा वाजता तळे. नौकाविहार. अभिप्राय: आनंद.'

बस हलली तेव्हा डॉक्टर गॅलरीत येऊन दोन्ही हात हलवत होते. तोंडातला फेस आता हनुवटीपर्यंत आला होता आणि ते जिवाच्या आकांताने काहीतरी सांगत होते.

"किती माया करतात!" सीलसाहेब गहिवरून म्हणाले आणि त्यांनीही दोन्ही हात हलवले.

बसमध्ये बसल्याबरोबर त्यांनी आनंदाला सुरुवात केली. संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि मोजून चावू लागले. अठराव्या वेळेला फोड संपली. पण उरलेले चौदा त्यांनी सोडले नाहीत, रिकामेच चावले.

"दाढ दुखतेय का?" बायकोने विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि शिकवणीबाईंच्या पद्धतीने बायकोकडे टक लावली. एक मिनिट गेलं. दोन गेली. चष्म्याआड त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय झालं? माझ्या तोंडाला काही लागलंय?"

"नाही. मी आनंद घेतोय."

"समोर बघून घ्या. लोक बघतायत."

पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून सीलसाहेबांना रुमाल दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "होईल सगळं नीट." अपमान गिळत त्यांनी रुमाल घेतला. आनंद घेणं हे इतकं लाजिरवाणं काम असेल असं पुस्तिकेत कुठे लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात कंडक्टर आला. पाय सीलसाहेबांच्या पिशवीवर आदळला, ठण्ण आवाज झाला, आणि कंडक्टरने वाकून पिशवीत डोकावलं.

"काका, हे काय? आमच्यावर भरवसा नाही म्हणून स्टीअरिंग घरून आणलंत?"

सगळी बस हसली. सीलसाहेबही मोठ्या मनाने हसणार होते. पण त्यांची नजर त्या चाकावर गेली आणि हसू अर्ध्यातच थिजलं. चाक चांगलं ताटाएवढं होतं. जिन्याखालच्या अंधारात ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. आपल्या ओट्यावरच्या ठिबकणाऱ्या नळाला एवढं मोठं चाक? त्यांनी मनातल्या मनात नळ डोळ्यांपुढे आणला. मग चाक आणलं. मग डॉक्टरांचा फेस आणला. आणि हिशेब जुळला.

चार मजले. बारा घरं. रविवारची सकाळ, म्हणजे धुणं, अंघोळी, पाहुणे, सगळं एकदम. आणि सगळ्या बिल्डिंगचं पाणी त्यांच्या पायाशी, पिशवीत.

"कुठे आहात?" बायकोने विचारलं.

"जिन्याखाली," ते म्हणून गेले.

"एक झालं," बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तिला सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. पण सांगणार काय? कुलूप या शब्दाला बंदी होती. व्हॉल्व्ह हा त्याचाच सख्खा भाऊ. परत फिरावं तर सोमवारी आक्का. सीलसाहेबांनी दात आवळले. नाही, आज काय वाटेल ते होवो, मी इथे या बाकावर या बाईच्या शेजारी असणार म्हणजे असणार! त्यांनी स्वतःचा दंड धरून तीनदा ओढला. खात्री झाली. इथेच होते.

इकडे बिल्डिंगमध्ये काय चाललं होतं ते मला नंतर बारा तोंडांनी सांगितलं, त्यातलं मी कमी करूनच सांगतो. सगळ्यांनी सीलसाहेबांना फोन लावले. फोन सीलबंद दाराआड, सीलबंद कपाटात, सीलबंद पाकिटात वाजत राहिले. सेक्रेटरींनी प्लंबर आणला. प्लंबरने लाख बघितली, शिक्का बघितला, सह्या वाचल्या आणि हत्यारं परत पिशवीत घातली. "हे सरकारी काम दिसतंय. मला पोरंबाळं आहेत." सेक्रेटरी पंचांकडे वळले. पंच म्हणाले, "सील तुटलं तर जबाबदार आम्ही. लिहिलंय स्पष्ट." डॉक्टर हे फेसातून म्हणाले. आपल्याच सहीने कोंडलेली एवढी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मग कोणाचं तरी लक्ष ठावठिकाण्याकडे गेलं. तळमजल्यावरच्या फर्निचरवाल्याचा टेम्पो होता. माणसं भराभर चढली. तळ्यावर जायचंच आहे तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून प्रत्येक घराने बादल्या घेतल्या. एकीने धुण्याचं बोचकं घेतलं.

सीलसाहेब तळ्यावर पोचले तेव्हा ऊन लख्ख होतं, पाणी हिरवं होतं, बदकं होती, सगळं पुस्तिकेप्रमाणे होतं. एवढं पाणी बघून ते मात्र घरामागे किती बादल्या लागतील ते मोजू लागले.

"कुठे आहात?"

"बारा घरं..." ते म्हणाले आणि जीभ चावली.

"दोन," बायको म्हणाली. रागावून नाही. तिला याचंच वाईट वाटत होतं की रागही येत नव्हता. "चला, नाव घेऊ. मग जेवून परतीची बस बघू. तुम्हाला तेच बरं वाटेल."

परतीची बस हे शब्द तिच्या तोंडून ऐकले आणि सीलसाहेबांना कुठेतरी चटका बसला. एकतीस वर्षांत गरम लाखेचाही असा बसला नव्हता.

"परतीच्या बसचं नाव काढू नकोस," ते म्हणाले. "मी वल्हवणार. नावाडी नको."

"तुम्हाला येतं?"

"आज येईल."

वल्हवणाऱ्याचं एक असतं: त्याचं तोंड मागे, म्हणजे सोडून आलेल्या काठाकडे. बायको त्यांच्यासमोर बसली, काठाकडे पाठ करून. सीलसाहेबांनी वल्ही मारली. नाव आधी गोल फिरली, मग एका बदकाच्या अंगावर गेली, मग धक्क्याला परत येऊन लागली. नावाड्याने मदतीला हात पुढे केला. सीलसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की हात आपोआप मागे गेला. चौथ्या खेपेला नाव सरळ निघाली.

आणि तळ्याच्या मध्यावर पोचत असताना त्यांना समोर काठावर टेम्पो दिसला.

टेम्पोतून आधी बादल्या उतरल्या, मग माणसं. सबंध बिल्डिंग. शिकवणीबाईंचा शाम्पू वाऱ्याने वाळून केस सरळ वर उभे राहिले होते. लांबून त्या एखाद्या जुन्या राणीसारख्या दिसत होत्या. डॉक्टरांनी काठावर गुडघे टेकून पहिली चूळ भरली, आणि तो आवाज पाण्यावरून नावेपर्यंत आला. सेक्रेटरी हातातली बादली डोक्यावर धरून हलवत होते.

सीलसाहेबांच्या हातातली वल्ही थांबली. मग त्यांनी ती जोराने मारली. काठ दूर जाऊ दे. आणखी दूर.

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं," बायको म्हणाली. तिचं लक्ष पाण्याकडे होतं. "म्हणजे कधीचं. आपण लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो, आठवतं? तिथे मी एक गोष्ट शिकले."

काठावर सेक्रेटरी एका नावेत चढू पाहत होते. चढले. पडले. सीलसाहेबांनी सगळं बळ एकवटून डोळे काठावरून सोडवले आणि बायकोवर आणले.

"काय शिकलीस?"

"एक मुलगी फुगे विकत होती. तिने शिकवलं. तुम्ही शेजारीच होतात, पण तिकिटाच्या खिडकीकडे बघत होतात, ती बंद होईल म्हणून." बायको थोडी लाजली. या वयात ती लाजते हेच त्यांना माहीत नव्हतं. "नंतर म्हटलं, आता काय दाखवायचं. राहिलं ते राहिलं."

तिने दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली.

शीळ म्हणजे काय शीळ! बदकं उडाली. काठावरची बिल्डिंग एका ओळीत उभी राहिली. नावाडी सांगतो की तळ्याच्या पलीकडच्या रस्त्यावर एक बस आपोआप थांबली. यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. सीलसाहेबांचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. चौतीस वर्षं ज्या बाईच्या शेजारी आपण झोपलो, जेवलो, भांडलो, तिच्या गालात हे एवढं बसलेलं होतं?

"परत!" ते म्हणाले.

तिने परत घातली.

"बोटं कशी ठेवलीस? जिभेखाली की वर?"

"टोक दुमडायचं. असं."

"फुस्स," सीलसाहेबांनी केलं. "फुस्स. थांब, नखं बाहेर की आत? फुस्स."

एक वल्हं हातातून सुटून पाण्यावर वाहत चाललं होतं. नाव मंदपणे गोल फिरत होती. बायको काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने हळूच विचारलं, "कुठे आहात?"

सीलसाहेबांनी ऐकलंच नाही. "अगं हवा बाजूने जातेय माझी," ते म्हणाले, "तू जरा इकडे वाक आणि परत दाखव."

बायकोने दाखवलं. तीनदा.

मग एकदम त्यांना आठवलं आणि बोटं तोंडातून निघाली. "अगं, मी तुला सांगितलं नाही. बिल्डिंगचं पाणी माझ्या पिशवीत आहे."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुमच्या चष्म्यात मघापासून सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी आहे. शिकवणीबाईंना केस असे शोभतात, नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू, तुम्ही कोणाकडे बघता," बायको म्हणाली आणि उरलेलं वल्हं आपल्या हातात घेतलं. "अजून एक फेरी मारू. घरचं पाणी काय, टेम्पो परत पोचेल तेव्हा येईल. तोवर त्यांच्यापुढे सगळं तळं आहेच की."

ते काठाला लागले तेव्हा तिथे भांडायला कोणी रिकामं नव्हतं. धुणं वाळत होतं. शिकवणीबाई डोकं धुऊन सावलीत बसल्या होत्या. डॉक्टर संत्र्याच्या फोडी वाटून सगळ्यांकडून बत्तीस वेळा चाववून घेत होते. सेक्रेटरी तेवढे ओल्या कपड्यांनी पुढे आले. "सीलसाहेब, याचा जाब..." एवढं बोलले, आणि त्यांच्या बायकोने त्यांना बाजूला ओढलं. "आपण दोघं शेवटचं बाहेर कधी गेलो होतो, आठवतंय? नाही ना? मग बसा गुपचूप." संध्याकाळी दोन्ही पंचांच्या समक्ष सील तोडलं गेलं, चाक जागेवर बसलं, आणि सेक्रेटरींनी रंगाऱ्याला बोलावून व्हॉल्व्हवर पुन्हा नावं घालून घेतली.

सोमवारी बायकोने आक्काला फोन केला. सीलसाहेब दाराआडून ऐकत होते. हात दाराच्या कडीवर, पण ओढत नव्हते.

"आक्का, मी येत नाही... हो, ह्यांच्याबरोबर... नाही, बदलले वगैरे नाहीत. पण आता यांचा पत्ता मला माहीत आहे."

पंधरा दिवसांनी दोघं डोंगराकडे निघाले. बिल्डिंगने निरोप दिला, म्हणजे फाटकाशी पिशव्या तपासल्या. सीलसाहेबांनी कुलूप एकदाच ओढलं. दुसऱ्यांदा ओढायला हात गेला होता, नाही असं नाही, पण दोन बोटं आधीच तोंडात होती.

बसभर त्यांचं फुस्स, फुस्स चालू होतं. पुढचे लोक खिडक्या तपासत होते, हवा कुठून येते म्हणून. पहिला घाट चढून बस माथ्यावर आली, खाली दरी उघडली, बायको म्हणाली, "अहो, बघा!" आणि ते बघत असतानाच, त्यांच्याही ध्यानीमनी नसताना, शीळ वाजली. कडक, लांब, दरीत दोनदा घुमून परत आलेली.

ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरची. त्याने करकचून ब्रेक मारला. सामान पुढे गेलं, माणसं सामानामागे गेली. कंडक्टर लालबुंद होऊन मागे आला.

"कोणी वाजवली? कोणाबरोबरचा आहे हा माणूस?"

सीलसाहेबांनी बोटं घाईघाईने खिशात घातली. बायकोने हात वर केला. शाळेत वर्गातल्या मुली करतात तसा, सरळ आणि उंच.

"माझ्याबरोबर," ती म्हणाली. "हे माझ्याबरोबर आहेत."